गोदाकाकूंचा कलमतराश

"बाईसाब, लिंबू उचला! आधी त्ये लिंबू उचला!"

मी अंगणातूनच ओरडलो. खंडेनवमीचा दिवस होता. देशमुखांच्या ओसरीवर पाट मांडून घरातली सगळी हत्यारं पूजेला लावली होती. तलवार, आडकित्ते, कोयते, विळे, खुरपी, नांगराचा फाळ. आणि त्या सगळ्यांच्या पुढं, एका ओळीत, देशमुखांच्या संग्रहातले सगळे घडीचे चाकू. उघडून ठेवलेले. प्रत्येकाच्या पात्यावर ओली हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वर कापलेल्या लिंबाची फोड.

"कावून वरडायलास रे मेहबूब? सणाच्या दिवशी?" बाईसाब म्हणजे देशमुखांची बायको. हातात निरांजन घेऊन उभ्या होत्या. "मी घासलं न्हाई काही. विटकरीची भुकटी नुसती विळ्या-कोयत्यांना लावली. चाकूंची फक्त पूजा केली. तुमच्या मालकाचं ऐकूनच केलंय समदं."

आता ह्यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं खंडेनवमीला लोखंड पुजायचं म्हणजे घासायचं, उजळायचं, हळदीकुंकू लावायचं. त्यातलं घासणं त्यांनी टाळलं. पण लिंबाचा रस लोखंड खातो. ओली हळद वरून ओल धरून ठेवते आणि सांध्यात शिरते. विळ्याला त्याचं काही वाटत नाही, विळा उद्या शेतात जातो. जुन्या चाकूला मात्र एवढ्यात जन्माचा डाग पडतो.

मी धारूरचा शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा माणूस. आमचे वाडवडील धारूरच्या किल्ल्यावरच्या शिपायांच्या तलवारी उजळायचे. पुढं शिपाई गेले, तलवारी गेल्या, आणि आमच्या वाट्याला न्हाव्यांचे वस्तरे अन् बायकांच्या विळ्या आल्या. निजामाचं राज्य होतं. बाजाराच्या दिवशी चाक खांद्यावर घेऊन मी गावोगाव फिरायचो. नेकनूरच्या अलीकडच्या एका गावात हे शामराव देशमुख भेटले. त्यांनी मला कामावर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी हुकूम सोडला.

"माझ्या चाकूंना धार लावायची न्हाई. घासायचं न्हाई. चमकवायचं न्हाई."

"मग मालक, शिकलगार कशाला ठेवायलात? कुंभार ठेवा की!"

ते हसले. "ज्याला घासता येतं, त्यालाच कुठं थांबायचं त्ये कळतं. बाकीचे हौसेनं घासतात."

माणूस लई वेगळा. जमीनजुमला भरपूर, पण छंद एकच, जुने घडीचे चाकू. घडीचा चाकू म्हणजे पातं मुठीत मिटतं तो, खिशात मावणारा. दुभती म्हैस देऊन त्यांनी एकदा टोक मोडलेला चाकू आणला होता. गाव पोट धरून हसलं. म्हणे, देशमुखाची अक्कल घडी घालून ठेवलीय. मीबी हसलो. मग त्यांनी मला जवळ बसवून तो चाकू दाखवला. आतली कमान, म्हणजे पात्याला मागून दाबून धरणारी पट्टी, कुणीतरी हातानं इतकी सारखी घासलेली होती की माझ्या आज्ज्याला जमली नसती. वर बारीक नक्षी. हा भाग चाकू मिटल्यावर दिसतसुद्धा नाही. जे कुणाला दिसणार नाही त्यावर त्या कारागिरानं एवढी मेहनत घेतली! माझं हसू तिथंच थांबलं.

त्यांचे नियम मात्र कडक. चाकू कातडी म्यानात ठेवायचा नाही, कातडं ओल धरतं. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळायचा. करडईचं तेल लावायचं नाही, ते वाळून गोंदासारखं चिकट होतं. एरंडेलाचा एक थेंब, तोही पुसून घेतलेला. आणि उघड्या हातानं कुणी धरायचा नाही, कारण घामानं गंज चढतो. एकदा तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले, जिल्ह्याचे मालकच म्हणा ना. चाकू बघायला त्यांनी हात पुढं केला. देशमुखांनी त्यांच्या हातावर आधी रुमाल ठेवला.

"साहेब, रुमालानं."

साहेबाच्या पेशकाराचा, म्हणजे कारकुनाचा, चेहरा तर पांढराफटक पडला. साहेबानं एकदा रुमालाकडं बघितलं, एकदा देशमुखांकडं, आणि म्हणाला, "बराबर है." रुमालानंच धरला बाबा त्यानं! त्या दिवसापासून मी देशमुखांना मनातून मानलं.

तर खंडेनवमीला दरवर्षी ते स्वतः एकच चाकू पूजेला ठेवायचे, मिटलेला, कोरड्या हळदीची चिमूट लावून. त्या साली त्यांना कामासाठी बीडच्या कचेरीत जावं लागलं. बाईसाबांना वाटलं, एकाचीच पूजा होते आणि बाकीचे पेटीत रुसून बसतात. म्हणून त्यांनी सगळी पेटी बाहेर काढली.

"बाईसाब, रस पात्यात मुरायलाय. उचला ना!"

"उचला कसं? मांडलेली पूजा उद्या दसऱ्यालाच हालते. आज हत्याराला हात लागत न्हाई. घराण्याची रीत हाय ही."

मी पडलो मुसलमान. त्यांच्या देवापुढं हात घालायची माझी काय बिशाद? मी खालीच उभा राहिलो. पण ओळीतला तिसरा चाकू बघून मला राहवेना.

"बाईसाब, बाकीचे तुमचे. तुमचा देव, तुमचे चाकू. पण त्यो पांढऱ्या मुठीचा तुमचा न्हाई. गोदाकाकूंचा हाय."

बाईसाबांनी वाकून ती मूठ बघितली.

गोदाकाकू पाटोद्याच्या. त्यांचे मालक तिथल्या तहसील कचेरीत मुन्शी होते. त्या वेळी कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि लिहिणं बोरूच्या कलमानं. कलमाचं टोक सारखं झिजतं, ते तासायला मुन्शी लोक छोटा चाकू बाळगायचे. त्याला कलमतराश म्हणतात. ह्या मुन्शींचं अक्षर इतकं सुरेख की एका जुन्या साहेबानं खूश होऊन त्यांना हस्तिदंती मुठीचा घडीचा कलमतराश बक्षीस दिला. जन्मभर त्यांनी तोच वापरला. अंगठा टेकून टेकून मुठीत खोलगट जागा झाली होती. तिच्या कडेला शाईचा काळा डाग, बोटाच्या पेराएवढा. पातं मधेच झिजलेलं, कारण कलम रोज त्याच जागी टेकायचं. मी हजारो पाती बघितली, पण माणसाचा हात असा उमटलेला पुन्हा पाहिला नाही.

मुन्शी वारले. देशमुखांनी तो चाकू मागून बघितला, काकूंनी दिला नाही. पण पावसाळ्यात त्यांचं घर गळायचं, पात्यावर गंजाची पूड धरायला लागली. तेव्हा त्या स्वतःच छकडा करून आल्या.

"शामराव, तुम्हाला जपता येतं म्हणून ठेवते. पावसाळ्यापुरता. दिवाळीला आमच्याकडं दौत-लेखणीची पूजा असते, तेव्हा मला परत पाहिजे. ह्यांच्या हाताचं एवढंच राहिलंय माझ्याकडं. जशाला तसं द्या."

"शब्द दिला काकू," देशमुख म्हणाले होते. मी तिथंच होतो.

आणि आता त्या पात्यावर लिंबाची फोड, मूठ हळदीनं पिवळी.

बाईसाब देवाकडं वळल्या. त्यांच्या मागं दोघी जावा उभ्या होत्या, त्यांच्या नजरेतच दिसत होतं की आता काही वंगाळ घडणार. बाईसाबांनी निरांजन खाली ठेवलं आणि हात जोडले.

"आई योगेसरी, परक्याची वस्तू चुकून तुझ्यापुढं मांडली. दुसऱ्याचं दान तू घेत न्हाईस. मी उचलते. काय व्हायचं त्ये मला होऊ दे."

"अगं बाई, अपशकून..." मोठी जाऊ पुटपुटली.

"मग शकून कशात हाय? दिलेला शब्द मोडण्यात?"

आणि उचलला त्यांनी. मग एकाचं लिंबू काढलंच आहे तर बाकीची कशाला ठेवायची म्हणून सगळ्या फोडी ताटात गोळा केल्या. त्या काळात, त्या घरात, बाईनं मांडलेली पूजा हालवणं म्हणजे काय, हे आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही. मी मान खाली घातली ती लाजेनं नाही, आदरानं.

मग काम सुरू झालं. पहिली गोष्ट, पाणी लावायचं नाही. सगळे धुवायला धावतात, आणि पाणी सांध्यात गेलं की खेळ खल्लास. कोरड्या मऊ फडक्यानं रस टिपून घेतला. पुसला नाही, टिपला. पुसलं की हळद आणखी आत जाते. मग चाकू फडक्यात घेऊन चुलीजवळ, धग हाताला सोसेल इतक्या लांब, नुसता धरून बसलो. एरंडेलाचा थेंब दिला.

हे झाल्यावर नुकसान नीट दिसलं. पात्याला वापरून वापरून जो जुना सावळा रंग चढलेला होता, त्यात लिंबाची फोड टेकली होती तिथं राखाडी डाग. मूठ पिवळीजर्द, शाईचा डाग त्या पिवळ्यात बुडालेला. आणि खिळ्यापाशी, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तिथं, हळदीचा लगदा. चाकू मिटताना अडत होता.

शामराव दुपारी बीडहून आले. घोड्यावरून उतरले तोच बाईसाब समोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. त्यांनी पगडी काढून खुंटीला अडकवली आणि खाली बसले.

"चूक माझी. इतकी वर्षं नुसतं नको नको म्हणत आलो. कावून नको, त्ये तुला कधी सांगितलंच न्हाई." मग माझ्याकडं वळले. "बोल मेहबूब. काय करता येतं?"

मी म्हणलं, "सोपं हाय मालक. खिळा काढतो. पातं अन् मूठ अलग करतो, आतली हळद काढतो, परत खिळा ठोकतो. तसाबी त्यो ढिला झालाय. दोन हातोड्यांत घट्ट बसंल."

"खिळ्याला हात लावायचा न्हाई."

"कावून?"

"एकदा काढला की त्यो परत तसाच बसत न्हाई. काकूंनी जशाला तसं मागितलंय."

"अवो, ढिल्या खिळ्याला कोण जपतं? त्यो दोष हाय चाकूतला!"

"असंल. मला न्हाई माहीत. माहीत न्हाई म्हणूनच हात लावू नको म्हणतो."

मला राग आला. धंद्यातला माणूस मी, आणि हे मला शिकवणार! पण त्या रागातच दुसरा उपाय सांगितला. "बरं, पात्यावरचा डाग तरी झाकू द्या. डाळिंबाच्या सालीचा काढा अन् लोखंडाचा कीस, दोन हात दिले की जुन्यासारखा काळा. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

"आणि काकूंनी इचारलं, डाग कशाचा, तर?"

"डाग दिसलाच न्हाई तर इचारतील कशाला?"

"मेहबूब, तू लई हुशार हायस," देशमुख म्हणाले. "ती हुशारी बाजाराच्या दिवशी कामाला येईल. इथं नको."

काढ्याचा नाद सोडला. दुसरं काय करणार?

खिळा न काढता आतली हळद काढायची म्हणजे दाताखालचा चिकट घास काढण्यासारखं काम. लोखंडी सुई घातली तर ओरखडा. बाभळीची काडी घातली, तीही कठीण. शेवटी ज्वारीच्या धाटाचा आतला पांढरा गाभा घेतला. तो मऊ असतो, हळद उचलतो आणि हस्तिदंताला इजा करत नाही. त्याच्या बारीक काड्या करून, एरंडेलात बुडवून, एकेक काडी आत फिरवायची, पिवळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. दसरा गेला, लोकं सोनं वाटून दमली, मी काड्या सोलत बसलेलो. मान धरून आली. देशमुखही शेजारी बसून काड्या सोलायचे. एवढा मोठा माणूस, पण मला कधी म्हणला नाही, तू कर, मी बघतो.

सांधा मोकळा झाला. मूठ मात्र पिवळीच. मी चुना सुचवला नाही, राख सुचवली नाही, कारण घासायचं म्हणलं की अंगठ्याची खोलगट जागा आणि शाई दोन्ही जाणार. तिथं माझी विद्या संपली. खरंच संपली.

"उन्हात ठेवा की," बाईसाब आतून म्हणाल्या.

"काय?"

"हळदीचा डाग धुऊन जात न्हाई, उन्हात उडतो. लग्नातल्या हळदीची लुगडी आमी अशीच वाळवतो. अन् शाई काजळाची असंल तर तिला ऊन काय करतंय?"

देशमुखांनी कपाळावर हात मारला. मीबी मारला. पण हस्तिदंत कडक उन्हात तडकतं, हे मला ठाऊक होतं. तसं म्हणल्यावर बाईसाब म्हणाल्या, "मग कोवळ्या उन्हात ठेवा, वर मलमलीचं फडकं टाकून. आमी पापडसुद्धा कडक उन्हात टाकत न्हाई, चिरतात."

रोज सकाळी तुळशीपाशी तो चाकू फडक्याखाली ठेवायचा आणि ऊन तापायच्या आत उचलायचा, हे काम बाईसाबांनी स्वतःकडं घेतलं. मांजर, कावळा, पोरं, कुणाला फिरकू दिलं नाही. पिवळा रंग हळूहळू फिका झाला. मग एका सकाळी त्या चाकू घेऊन बैठकीत आल्या. मूठ होती तशी सायीच्या रंगाची, आणि अंगठ्याच्या कडेला शाईचा डाग काळाभोर. बाईसाब रडत होत्या. देशमुखांच्याही डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते लपवलं नाही.

दिवाळीच्या आधी गोदाकाकू आल्या. पांढरं लुगडं, काठी टेकत. त्यांना पाणी दिलं, बसवलं. चाकू उघडून फडक्यावर ठेवला होता. देशमुख त्यांच्यासमोर खाली बसले.

"काकू, चाकू हातात घ्यायच्या आधी ऐका. मी शब्द दिला होता, तो पुरा राहिला न्हाई." आणि लिंबापासून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पात्यावरचा राखाडी डाग बोटानं दाखवला. "ह्यो आता जात न्हाई. झाकता आला असता, झाकला न्हाई."

"मी केलं काकू," बाईसाब मधेच म्हणाल्या.

काकूंनी हात पुढं केला. चाकू घेतला. पात्याकडं बघितलं नाही. शाईच्या डागाकडं बघितलं नाही, आम्ही ज्याच्यासाठी एवढा जीव काढला त्याच्याकडं! त्यांनी चाकू कानाशी नेला आणि मिटला.

टिक्, कट्ट.

पहिला बारीक आवाज ढिल्या खिळ्याचा, दुसरा कमानीचा.

त्यांनी तो उघडला, पुन्हा मिटला. टिक्, कट्ट. डोळे मिटलेले, गालावरून पाणी.

"कचेरीचं काम घरी आणायचे," त्या म्हणाल्या. "बाहेर बसून लिहायचे, मी आत चुलीपाशी. माझ्याशी फार बोलायचे नाहीत हो, तसा स्वभावच नव्हता. काम संपलं की चाकू मिटायचे. हा आवाज आला की मी तव्यावर भाकरी टाकायची. लग्न झाल्यापासून ते गेले तोपर्यंत. मला वाटलं, तुमच्याकडं ठेवला, आता कुणी कारागीर तो दुरुस्त करून ठेवणार. घरातून निघताना पाय उचलत नव्हता माझा."

देशमुखांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी आपला जमिनीकडं बघत दोन हातोड्यांचा विचार करत होतो.

बाईसाबांनी काकूंच्या पायांना हात लावला. काकूंनी त्यांना उठवलं. "अगं, डाग पडला तर पडला. माझ्या अंगावर काय कमी डाग पडलेत ह्या वयात? उठ. मला भूक लागलीय."

बाईसाब आत गेल्या आणि तवा चुलीवर ठेवला. काकू ओसरीवर बसून चाकू उघडत होत्या, मिटत होत्या.

त्यानंतर मी जुन्या हत्याराच्या मालकाला कामाला हात घालायच्या आधी विचारतो, ह्यातलं काय ठेवायचं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग मी तेलाचा एक थेंब देतो आणि परत करतो. धंदा कमी होतो, पण कुणाच्या घरचा आवाज माझ्या हातून बंद झालेला नाही.